म्हातारपणाची पेन्शन आणि सरकारची तिजोरी
(नांदगाव येथील प्रौढ वर्गात झालेले भाषण)



आज आपण पेन्शनविषयी बोलू या. पेन्शन म्हणजे निवृत्तिवेतन. हातपाय थकले म्हणजे दरमहा मिळणारा पैसा.

आपल्या नांदगावात हा शब्द कुणाला नवा नाही. गावावरून रेल्वे जाते. मनमाडचं मोठं जंक्शन आपल्याच तालुक्यात आहे. रेल्वेची नोकरी करून घरी बसलेली माणसं आपल्या ओळखीची आहेत. रेल्वेत १९५७ साली पेन्शन सुरू झाली. त्याआधी नोकरी संपली की फंडाची रक्कम हाती पडे. ती सरली की सरली.

पण शेतात राबणाऱ्याचं काय? त्याला कुठली नोकरी आणि कुठला फंड? अशा गरीब वृद्धांसाठी केंद्र सरकारने १५ ऑगस्ट १९९५ रोजी योजना सुरू केली. आपल्या राज्याची श्रावणबाळ योजना आहे. पासष्ट वर्षांवरील निराधार माणसांना तिच्यातून पैसे मिळतात. आधी ते महिना ६०० रुपये होते. २०१९ साली १,००० झाले. २०२३ साली १,५०० झाले.

हा पैसा येतो कुठून?

पुष्कळांना वाटतं, सरकारजवळ पेन्शनची एक पेटी असेल. तीत पैसे साठवलेले असतील. तशी पेटी नसते. यंदाची पेन्शन यंदाच्या करातून द्यायची, अशी ही रीत आहे. आणि कर कोण भरतं? फक्त श्रीमंत का? नाही. आपण दुकानातून साबण आणतो, चपला आणतो. त्यांच्या किमतीत कर असतो. मजुरी करणारी बाईसुद्धा कर भरते. तेव्हा सरकारची तिजोरी म्हणजे आपलीच तिजोरी.

आता या तिजोरीचा हिशोब पाहू. महाराष्ट्राच्या २०२५-२६ सालच्या अंदाजपत्रकात महसुली जमा ५ लाख ६० हजार ९६४ कोटी रुपये धरली होती. महसुली खर्च ६ लाख ६ हजार ८५५ कोटी रुपये धरला होता. खर्च ४५ हजार ८९१ कोटींनी जास्त. याला महसुली तूट म्हणतात. आकडे मोठे आहेत. घरच्या भाषेत सांगू. शंभर रुपये घरात आले आणि एकशे आठ रुपये खर्च झाले.

वरचे आठ रुपये कुठून आणायचे? कर्ज काढून. कर्ज काढणं नेहमीच वाईट नसतं. विहिरीसाठी कर्ज काढलं, पाणी लागलं, कांदा पिकला, तर कर्ज फिटतं. पण रोजच्या तेलामिठासाठी कर्ज काढलं तर? व्याज तेवढं मागे लागतं. महसुली तूट ही तेलामिठाच्या कर्जासारखी आहे. ते कर्ज आपल्या मुलांनी फेडायचं असतं.

ही ओढाताण सरकारला आधीच दिसली होती. म्हणून १ नोव्हेंबर २००५ पासून राज्याच्या नोकरीत लागलेल्यांची जुनी पेन्शन बंद झाली. नव्या रीतीत नोकराच्या पगारातून दरमहा पैसे कापायचे, सरकारने आपले घालायचे, आणि ते बाजारात गुंतवायचे. पण शेवटी हाती किती येईल, याची हमी नाही. नोकरांना ते पटलं नाही. १४ मार्च २०२३ रोजी त्यांनी राज्यभर संप केला. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने नवी एकत्रित योजना जाहीर केली आणि आपल्या राज्यानेही ती स्वीकारली. पंचवीस वर्षं नोकरी केली तर शेवटच्या वर्षाच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन, असं तिचं वचन आहे.

नोकरांना संघटना आहे. ते संप करू शकतात. श्रावणबाळच्या म्हातारीने कशाचा संप करायचा?

इथेच खरी गोष्ट आहे. दिलेलं वचन दोन तऱ्हांनी मोडतं. एक, पैसे बंद केले की. ते सर्वांना दिसतं. दुसरी तऱ्हा दिसत नाही. रक्कम तीच ठेवायची आणि महागाईला ती खाऊ द्यायची. दारिद्र्यरेषेखालच्या, ऐंशीच्या आतल्या वृद्धासाठी केंद्राचा वाटा २००७ साली महिना २०० रुपये होता. २०२५ सालीही तो २०० रुपयेच होता. कुणी तो बंद केला नाही. पण तेव्हा दोनशे रुपयांत जेवढा बाजार यायचा, तेवढा आता येतो का? घरातल्या बाईला विचारा, ती सांगेल.

तिजोरी तुटीत असली म्हणजे असंच होतं. व्याज थांबवता येत नाही. पगार थांबवता येत नाही. मग ज्याचा आवाज लहान, त्याची वाढ मागे राहते.

मग आपण काय करावं?

पहिलं. घरात पासष्टच्या वर कुणी निराधार असेल, तर तलाठ्याला विचारा. कागद जमवा. तहसील कचेरीत अर्ज द्या. बँकेचं खातं आधारला जोडा. हा आपला हक्क आहे, भीक नव्हे.

दुसरं. मुलगा-सून अठरा ते चाळीस वर्षांची असतील आणि आयकर भरत नसतील, तर त्यांना अटल पेन्शन योजनेची माहिती द्या. ती २०१५ साली निघाली. बँकेत किंवा पोस्टात खातं असलं की तीत नाव घालता येतं. साठीनंतर महिना १,००० ते ५,००० रुपये मिळतात. मात्र महागाई इथेही आहे. आजचे हजार म्हणजे तीस वर्षांनंतरचे हजार नव्हेत. म्हणून झेपेल तेवढी मोठी रक्कम निवडावी.

तिसरं. सरकारी पेन्शनरांना महागाईप्रमाणे वाढ मिळते. तशीच वाढ श्रावणबाळच्या माणसांना मिळावी, असा ठराव ग्रामसभेत मांडावा. त्याला पैसा लागेल, हेही आपण कबूल केलं पाहिजे. म्हणून मत मागायला कुणी आलं आणि नवं वचन दिलं, तर दोन प्रश्न विचारावे. पैसा कोणत्या जमेतून देणार? आणि दहा वर्षांनी त्याची किंमत राहील का?

आपण आता वाचायला शिकलो आहोत. पासबुकावरचा आकडा आपला आपण वाचतो. तसाच राज्याच्या जमाखर्चाचा आकडाही वाचू लागू. तो वर्तमानपत्रात दरवर्षी छापून येतो.