वहिवाटेचा हक्क : इंग्लंडमधील सार्वजनिक पायवाटा

खाजगी मालमत्तेला इंग्लंडइतका मान देणारे समाज थोडेच असतील, आणि तरीही तेथे परक्याच्या कुरणातून किंवा उभ्या पिकातून जाणाऱ्या ठराविक पायवाटेने चालण्याचा हक्क कोणाही वाटसरूला असतो, ही त्या लोकजीवनातील विलक्षण गोष्ट होय. इंग्लंड व वेल्समध्ये अशा सार्वजनिक वाटांची एकूण लांबी सुमारे २,२५,००० किलोमीटर भरते. जमीन मालकाचीच राहते. लोकांचा असतो तो केवळ तीवरून जाण्या-येण्याचा अधिकार, ज्याला मराठीत वहिवाट म्हणता येईल. मात्र आपल्याकडची शेतातली वहिवाट बहुधा शेजारच्या शेतकऱ्यापुरती असते, तर ही सर्वांची आहे.

हा हक्क मुख्यतः पावलांनी निर्माण होतो. लोक एखाद्या वाटेने सलग २० वर्षे बळजबरी न करता, लपूनछपून न जाता आणि परवानगी न घेता चालत राहिले, आणि मालकाने आपला विरोध स्पष्टपणे दाखवला नसेल, तर ती वाट त्याने लोकांना दिली असे कायदा मानतो. परवानगी नसावी ही अट प्रथम चमत्कारिक वाटते, परंतु तिच्यातच या विचाराचे मर्म आहे, कारण परवानगीने मिळते ती मेहेरबानी, आणि ती काढूनही घेता येते; हक्क मात्र तसा काढून घेता येत नाही. म्हणूनच पेरणीसाठी शेतातली वाट नांगरणाऱ्या शेतकऱ्यालाही ती साधारणपणे १४ दिवसांत पूर्ववत करून द्यावी लागते.

या आग्रहामागे मोठी हानी आहे. १६०४ ते १९१४ या काळात संसदेने ५,२०० हून अधिक कायदे करून सामाईक गायराने व शेतजमिनी कुंपणबंद केल्या, आणि उत्तरेकडील डोंगरपठारे रानपक्ष्यांच्या शिकारीसाठी धनिकांनी राखून ठेवली. मँचेस्टर, शेफील्डच्या गिरण्या-कारखान्यांत आठवडाभर राबणाऱ्या कामगारांना रविवारची मोकळी हवा त्याच डोंगरांवर होती. २४ एप्रिल १९३२ रोजी बेनी रॉथमन या २० वर्षांच्या तरुणाच्या पुढाकाराने शेकडो जण किंडर स्काऊटच्या बंदी असलेल्या पठारावर चढले. परक्या जमिनीत नुसते शिरणे हा फौजदारी गुन्हा नसल्याने, राखणदारांशी झालेल्या झटापटीवरून दंगलीसारखे आरोप ठेवून पाच जणांना तुरुंगात धाडण्यात आले. ही शिक्षा अन्यायाची होती, आणि तिनेच लोकमत चळवळीकडे वळवले. पुढे १९४९ च्या कायद्याने पायवाटांचे अधिकृत नकाशे करण्याचे काम स्थानिक प्रशासनावर सोपवले, तर २००० च्या कायद्याने डोंगर, माळ व नोंदणीकृत गायरानांवर वाट सोडूनही हिंडण्याची मुभा दिली.

तथापि सारे श्रेय त्या एका दिवसाला देणे योग्य नव्हे. मँचेस्टरमध्ये जुन्या पायवाटा राखण्यासाठी १८२६ मध्येच संस्था स्थापन झाली होती, आणि आजही अशा संस्थांचे स्वयंसेवक नकाशा घेऊन वाटा तपासत फिरतात, कुंपण ओलांडण्याची मोडकी पायरी किंवा तारेने बांधलेले फाटक दिसले की त्याची नोंद करतात आणि ती दुरुस्त होईपर्यंत स्थानिक कार्यालयाचा पाठपुरावा सोडत नाहीत.