शेक घेण्यापूर्वी



मुंबईहून लोकलमध्ये उभ्याने येऊन, कंबरेला हात लावीतच खुर्चीवर टेकलेली बरीच मंडळी मला समोर दिसत आहेत. तेव्हा शेकाची महती डोंबिवलीकरांना पटवून देण्याचे श्रम मी घेत नाही. तव्यावर तापवलेली वाळू, ओव्याची पुरचुंडी, तेल लावून गरम केलेले रुईचे पान, बाळंतिणीच्या बाजेखालची शेगडी, हे सारे आपल्या घरचेच आहे. अंग फारच आखडले तर आपल्याच जिल्ह्यात, तानसेच्या काठी, वज्रेश्वरी-अकलोली-गणेशपुरीची ऊन पाण्याची कुंडे आहेत.

याला गावठी म्हणून कोणी हसू नये. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील १४वा अध्याय सबंध स्वेदावर आहे. अग्नीच्या साहाय्याने द्यावयाच्या स्वेदाचे १३ प्रकार तेथे सांगितले आहेत. अग्नीवाचून घाम आणणारे आणखी १०. त्यांत भूक, भय आणि क्रोध यांचीही गणना आहे! सकाळची गाडी गाठणाऱ्यास हे तिन्ही फुकट मिळतात.

ऊब लागली की कातडीतील रक्तवाहिन्या रुंदावतात, आखडलेला स्नायू सैल पडतो, आणि उबेची जाणीव वेदनेच्या जाणिवेला थोडी मागे सारते. मात्र ही ऊब फार खोल जात नाही. झिजलेला सांधा तिने भरून येत नाही. आराम मिळतो, आणि तोही काही थोडा नव्हे.

पण त्याच अध्यायात, स्वेद कोणास देऊ नये त्या यादीत, मधुमेही आहे. हे मी वाचले ते फार उशिरा. माझ्या वडिलांना वीस वर्षांचा मधुमेह. एका थंडीत पाय गार पडले म्हणून मीच रबरी पिशवी भरून त्यांच्या पायांशी ठेवली. ते शांत झोपले. सकाळी दोन्ही टाचांना फोड होते, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. जखम भरायला चार महिने लागले.

दीर्घकाळच्या मधुमेहात पावलांची संवेदना मंदावते आणि जखमही लवकर भरत नाही. त्यातून ४४ अंश सेल्सिअससारखी, हाताला नुसती ऊन वाटणारी उष्णताही सहा तास एकाच जागी राहिली तर धडधाकट कातडीसुद्धा भाजते. म्हणून पिशवी घेऊन झोपू नये. उकळते पाणी भरू नये, पिशवी दोन तृतीयांशच भरावी, वरची हवा दाबून काढावी, टॉवेलात गुंडाळावी. १५-२० मिनिटे पुष्कळ झाली. पाय नुकताच मुरगळून सुजला असेल तर पहिले दोन दिवस शेक नको, गार पट्टी बरी. पोटात अकस्मात कळ आली तर शेकत न बसता डॉक्टरांकडे जावे.

बधिर पावलांना शेक नकोच. लोकरीचे मोजे घालावेत. न्हाण्याचे पाणीदेखील घरातील दुसऱ्याने कोपर बुडवून पाहावे. ज्याचे पाऊल बधिर आहे त्यालाच विचारून उपयोग नाही. त्या रात्री मी वडिलांना विचारले होते, फार कढत नाही ना? ते म्हणाले, छान ऊब आहे.