पंखावरचे भोवरे

(शाळेच्या विज्ञान दिनाच्या कार्यक्रमात, धावडा येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



इतिहास-भूगोल शिकवणाऱ्या बी. ए., बी. एड. मास्तराने विमानाच्या पंखावर बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु नववीच्या एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, विमानाच्या पंखावर पत्र्याच्या लहान लहान पट्ट्या उभ्या बसवलेल्या असतात. एवढा गुळगुळीत केलेला पंख मुद्दाम खडबडीत का करतात?" प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही.

पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले म्हणजे काठावर उभे राहून पाहा. मधली धार जोरात जाते, काठाला लागून पाणी रेंगाळते, आणि काठ एकदम वळला की तेथे पाणी चक्क उलटे फिरते. पंखावरून जाणाऱ्या हवेचेही असेच होते. पंखाला अगदी चिकटून हवेचा एक मंद थर असतो. जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांनी १९०४ साली हायडेलबर्गच्या गणित परिषदेत एका छोट्याशा निबंधात हा थर प्रथम समजावून दिला. आपल्याकडे त्यास सीमास्तर म्हणतात.

विमान उतरताना वेग कमी करते. कमी वेगात तेवढीच उचल मिळावी म्हणून वैमानिक नाक वर करतो. कोन फार वाढला की थकलेली हवा पंखाची पाठ सोडून देते. उचल एकाएकी घटते, मागे ओढणारा रोध वाढतो. यास स्टॉल म्हणतात. उंचावर असताना वैमानिक नाक खाली करून सावरू शकतो. धावपट्टीजवळ सावरण्याइतकी उंचीच उरलेली नसते. म्हणून या पट्ट्यांना कोणी शोभेची वस्तू समजू नये.

पट्टी वाऱ्याला थोडी तिरपी, साधारण १५ अंशांच्या आसपास, बसवतात. तिच्या माथ्यावरून हवेचा एक बारीक भोवरा सुटतो आणि पंखावरून मागे जातो. हा भोवरा वरची वेगवान हवा खाली आणतो व खालची मंद हवा वर नेतो. काठचे रेंगाळलेले पाणी ढवळून मधल्या धारेत मिसळावे, तसे. ताजी झालेली हवा पंखाला अधिक वेळ धरून राहते. अमेरिकेत एच. डी. टेलर यांनी १९४७ च्या सुमारास ही युक्ती पुढे आणली.

क्रिकेट खेळणाऱ्यांना हे तत्त्व हातानेच ठाऊक आहे. चेंडूची शिवण हवेचा थर ढवळते, त्या बाजूची हवा चेंडूला उशिरा सोडते आणि चेंडू वळतो. गोलंदाज काही प्रांटल वाचून आलेला नसतो!

आता खरी मेख. पट्टीने उचल वाढते आणि रोध कमी होतो, असे सरसकट सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. जेथे हवा पंख सोडू लागली आहे, तेथे पट्टी तिला धरून ठेवते, म्हणून रोध घटतो. पण विमान उंचावर वेगाने सरळ चालले आहे, हवा मुळातच पंखाला चिकटलेली आहे, तेव्हा तीच पट्टी निव्वळ ओझे होते व थोडा रोध वाढवते. मग करावे काय? पट्टी बुटकी करावी. नासाच्या लँग्ली केंद्रातील जॉन लिन यांनी २००२ साली या विषयावरील संशोधनाचा आढावा घेतला. सीमास्तराच्या जाडीच्या १० ते ५० टक्के एवढ्याच उंचीच्या पट्ट्याही योग्य जागी बसवल्यास काम करतात आणि त्यांचा स्वतःचा रोध बराच कमी असतो, असे त्यात दिसते. जागा मात्र अचूक हवी. हवा सुटते त्या ठिकाणाच्या पुढे, पण फार पुढे नव्हे. म्हणून कोणी कोणत्याही यंत्राचा दुहेरी फायदा सांगू लागला की विचारावे, कोणत्या वेगाला? कोणत्या कोनाला?

हे सगळे परदेशातले, आपल्याला काय त्याचे, असे म्हणू नका. आपल्याच महाराष्ट्रात नाशिकजवळ ओझर येथे १९६४ पासून हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना आहे. तेथे प्रथम मिग-२१ तयार झाली. पातळ त्रिकोणी पंखांचे हे विमान उतरतानाही ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे धावे. ते उतरवणे म्हणजे वैमानिकाची परीक्षाच. पुढे याच कारखान्यात सुखोई-३० एमकेआय तयार होऊ लागले. त्याच्या पंखांपुढे छोटे पंख आहेत आणि पंखाची पुढची कड मुळाशी पुढे ओढलेली आहे. नाक वर झाले की तेथून मोठे भोवरे सुटतात व पंखाच्या पाठीवर दाब कमी करून उचल देतात. पट्टीचा भोवरा हवेला धरून ठेवतो, हा भोवरा स्वतःच उचलतो, एवढा फरक. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरलाच बांधलेले पहिले तेजस एमके-१ए आकाशात गेले. तेजसच्या नौदलासाठीच्या रूपात तर पंखाच्या मुळाशी हलणारे पृष्ठभाग आहेत, ते भोवरे हवे तसे वळवतात. असे विमान ११ जानेवारी २०२० रोजी विक्रमादित्य या विमानवाहू जहाजावर उतरले.

अशा कारखान्यात केवळ इंजिनियर लागत नाहीत. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन लागतात, आणि आय. टी. आय. झालेल्या मुलांना तेथे उमेदवारी मिळते. दहावीनंतर काय, असे विचारणाऱ्या पालकांनी हे नोंदवून ठेवावे.

शेवटी प्रयोग. पुठ्ठा वाकवून पंख करा. पाठीवर लोकरीचे बोटभर धागे एका टोकाने चिकटवा. कूलरचा पंखा चालेल, पण त्याचा वारा गरगरत येतो. म्हणून पुढे सरबताच्या नळ्यांची जुडी आडवी ठेवून वारा सरळ करा. पंखाचे तोंड हळूहळू वर उचला. धागे उलटे फडफडू लागतील तो कोन कंपासपेटीतील कोनमापकाने मोजा. मग जुन्या पोस्टकार्डाच्या पट्ट्या कापून तिरप्या चिकटवा आणि पुन्हा मोजा. दोन्ही आकडे वहीत तारखेसह लिहून सोमवारी माझ्याकडे आणा. फरक पडला नाही तरी आणा.