आधी आई-बाप दाखवा

आमच्या हट्टा गावाकडे लाल कंधारी गोऱ्हा घ्यायचा तर माणूस जबडा उघडून दात पाहतो, चार पावलं चालवून बघतो, काही खोड आहे का ते चारचौघांदेखत विचारून घेतो. तोच माणूस लॅब्राडॉरचं पिल्लू मात्र त्याचे डोळे पाहून उचलतो.

मीही तसंच उचललं. "पेपरवालं आहे," असं विकणारा म्हणाला आणि मला तेवढं पुरेसं वाटलं. आठव्या महिन्यात आमचा शेरू बसला की उठताना कण्हू लागला. पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम टाकायचा, मुलांना त्याची गंमत वाटायची. परभणीला नेऊन एक्स-रे काढला तेव्हा कळलं, मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीत नीट बसतच नव्हता. हा दोष बराचसा वंशातून येतो. लहानपणी भरमसाट खाऊ घालून वजन वाढवलं की तो आणखी बळावतो, आणि ते मी केलं होतं.

ते पेपर म्हणजे काय, हे मला नंतर समजलं. चेन्नईच्या केनेल क्लब ऑफ इंडियाचा कागद पिल्लाची वंशावळ सांगतो. खुबा, डोळे, हृदय कसं आहे, ते त्यावरून कळत नाही. त्यासाठी वेगळ्या तपासण्या असतात, आणि त्या मुख्यतः आई-बापाच्या करायच्या असतात. अमेरिकेत खुब्याचं पक्कं प्रमाणपत्र कुत्रं 24 महिन्यांचं झाल्याशिवाय देत नाहीत. मग दोन महिन्यांच्या पिल्लाच्या खुब्याची हमी कोण देणार?

डोळ्यांचं तर आणखी अवघड. लॅब्राडॉरमध्ये डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी करणारा एक आनुवंशिक आजार आहे. आधी रात्रीचं दिसेनासं होतं, पुढे दिवसाचंही. आई आणि बाप दोघंही धडधाकट असतात, पण दोघांत तो दोष लपलेला असेल तर सरासरी चारांतल्या एका पिल्लाच्या वाट्याला आंधळेपण येतं. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून घेतलेल्या नमुन्यावर याची जनुकीय तपासणी होते. एक जरी पालक पूर्ण निर्दोष असला तरी पिल्लं या आजारातून वाचतात. म्हणून चांगला ब्रीडर दोष लपवत नाही. तसल्या मादीला तपासलेला निर्दोष नर दाखवतो आणि रिपोर्ट तुमच्यापुढे ठेवतो.

प्रत्येक जातीचं दुखणं वेगळं. डॉबरमनला हृदयाचं, पगला श्वासाचं, पॉमेरियनला गुडघ्याच्या वाटीचं. आपल्या कारवानसारख्या सडपातळ शिकारी कुत्र्यांना काही भुलीची औषधं उतरायला फार वेळ लागतो, तेव्हा ऑपरेशनआधी डॉक्टरांना जात आवर्जून सांगा.

केंद्र सरकारच्या 2017 च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि ब्रीडरला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणीचा कागद मागा. पिल्लाची आई बघायला मागा. यंदा पुतण्यासाठी पिल्लू बघायला गेलो, त्याच्या आईच्या खुब्याचा एक्स-रे मागितला, तर "इकडे असं कुणी विचारत नाही," असं उत्तर मिळालं. आम्ही रिकाम्या हातानं परतलो.

शेरू आता सहा वर्षांचा आहे. त्याचं वजन उतरवलं, घसरू नये म्हणून फरशीवर पोती अंथरली. सकाळी तो माझ्यासोबत हळदीच्या वावरापर्यंत येतो आणि बांधावर बसतो. थंडीच्या दिवसांत परत निघताना त्याच्या पोटाखाली हात घालून त्याला उठवावं लागतं.