श्रोत्याचा वाटा

गाणें रंगतें तें गाणाऱ्याच्या गळ्यामुळें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे, हें पाहावयाचें असल्यास मोठीं नाट्यगृहें सोडून एखाद्या लहानशा खोलीकडे वळलें पाहिजे.

अमेरिकेंत न्यूयॉर्क राज्यांत सॅराटोगा स्प्रिंग्स हें गांव आहे. खनिज पाण्याचे झरे आणि घोड्यांच्या शर्यती यांकरितां तें प्रसिद्ध. तेथें फिला स्ट्रीटवर जिना चढून गेलें कीं, ‘कॅफे लेना’ हें कॉफीगृह लागतें. बिल व लेना स्पेन्सर या दाम्पत्यानें १९६० च्या मे महिन्यांत तें उघडलें. चार पैसे गांठीं बांधावे आणि युरोपांत जाऊन राहावें, एवढाच मूळ बेत होता. पुढें बिल निघून गेले. लेनाबाईंनीं मात्र १९८९ मध्यें मृत्यु येईपर्यंत तें कॉफीगृह सोडलें नाहीं.

१९६१ मध्यें बॉब डिलन नांवाचा जेमतेम विशीचा गायक तेथें गावयास आला. मंडळी आपल्या गप्पांत दंग होती. अखेर बिल यांनींच श्रोत्यांना खडसावलें, असें सांगतात. त्याच गायकाला २०१६ मध्यें साहित्याचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्या रात्रीं उणें पडलें तें गाणें नव्हे; ऐकणें उणें पडलें.

१९६५ च्या सुमारास डिलन आणि ‘द बर्ड्‌स’ हें पथक यांनीं लोकगीताला विजेच्या गिटारची व ढोलांची जोड दिली. हाच ‘फोक-रॉक’. मोठ्या ध्वनिमुद्रिका-कंपन्यांचा आश्रय न घेतां याच वाटेनें जाणाऱ्या आजच्या पथकांना ‘इंडी’ म्हणतात. अशा पथकाला लहान खोलींत वाद्यांचा जोर आवरावा लागतो. ढोल वाजविणारा काठ्या ठेवून कुंचले हातीं घेतो; गिटारचा आवाज उतरतो. मग तारेवरून घसरणारें बोट ऐकूं येतें, सुरापूर्वीं घेतलेला श्वास ऐकूं येतो. गायकाला चूक झांकतां येत नाहीं. आणि श्रोत्यालाहि आपलें दुर्लक्ष लपवितां येत नाहीं. खुर्चीची करकर सुद्धां गाण्यांत मिसळते. तेथील शांतता हें जणूं पथकाचें आणखी एक वाद्यच असतें, आणि तें वाजविण्याचें काम श्रोत्यांकडे असतें. घरगुती बैठकींत बसलेल्या मराठी रसिकाला हें निराळें सांगावयास नको.

लेनाबाईंच्या मागें हें कॉफीगृह बंद पडावयाचें. पण गांवच्या रसिकांनीं तें सार्वजनिक संस्था म्हणून चालविलें, आणि २०१६ मध्यें त्याचा जीर्णोद्धारहि झाला. आजहि तेथें फार तर शंभराच्या आसपास माणसें बसतात. मोठ्या कलावंतांनीं नांव दिलें हें खरें. पण तें टिकविलें श्रोत्यांनीं.

नभोवाणी गाणें घरोघर पोहोंचविते, हा तिचा मोठाच उपकार आहे. मात्र ऐकणाऱ्याची दाद गवयापर्यंत परत नेण्याची शक्ति तिच्यापाशीं नाहीं. तेवढ्यासाठीं जिना चढून, गवयापासून दोन हातांवर, गप्प बसावयास गेलें पाहिजे.