वड पाहिला का?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत. भाषणाची सवय नाही. हळदीकुंकवाला आपण बोलतो तसेच बोलणार आहे. चुकले तर सांभाळून घ्या.

गेल्या वर्षीची वटपौर्णिमा. घाई होती म्हणून मी बाजारातून वडाची फांदी आणली आणि पाटावर ठेवून पूजा उरकली. सासूबाई तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या, दृष्टीही गेलेली. त्यांनी विचारले, "सूनबाई, देवळामागच्या वडाच्या पारंब्या कुठवर आल्या गं?"

मला सांगता येईना. लग्नाला बावीस वर्षे झाली. इतक्या वर्षांत त्या वडाला कितीदा सात फेरे घातले, दोरा गुंडाळला. पण नजर पूजेच्या ताटाकडे, नाही तर शेजारणीच्या साडीकडे. वड असा पाहिलाच नव्हता! दुपारी पाटावरची फांदी मलूल झाली, तेव्हा फार ओशाळल्यासारखे झाले.

दुसऱ्या दिवसापासून ठरवले. सकाळी दूध आणायला जाते, तेव्हा दहा मिनिटे पारावर बसायचे आणि घरी येऊन आईंना वडाची एक गोष्ट सांगायची. रोज नवी!

सोपे वाटले, पण तसे नव्हते. बसले पारावर की मन स्वयंपाकघरात. डाळ भिजत घातली का, विजेचे बिल भरले का? मग एक युक्ती केली. पोथी वाचताना ओळ सुटली की आपण बोट ठेवून पुन्हा तिथे येतो ना? तसे मन भटकले की त्याला न रागावता पुन्हा पानावर आणायचे. हळूहळू वड दिसू लागला.

पावसाळ्यात पारंब्यांची टोके फिकट, कोवळी होतात, हे सांगितले तेव्हा आई म्हणाल्या, "बोट लावू नकोस हो, मोडतील." कधी मुंग्यांची रांग सांगितली, कधी पिकले पान. एकदा त्यांनीच विचारले, "वडाला फूल का गं दिसत नाही?" मुलीच्या शाळेतल्या बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, फुले फळाच्या आतच असतात. तिळाहूनही लहान अशी एक माशी फळाच्या तोंडातून आत शिरते, तिच्यामुळे बी धरते. वडाची माशी वेगळी, पिंपळाची वेगळी, उंबराची वेगळी. हे ऐकून आई कितीतरी वेळ हसत होत्या. म्हणाल्या, "एवढ्याशा जिवावर एवढा वड!"

माघात आई गेल्या.

चैत्रात वडाची फळे लाल झाली. साळुंक्या आल्या, पोपट आले, आणि कुठे तरी पानांत बसून तांबट एकसारखा टुक् टुक् करू लागला. दूध घेऊन मी लगबगीने घरी आले, सांगायला तोंड उघडले, आणि समोर खाट रिकामी. त्या दिवशी फार रडले. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा पारावर गेले. आईंनी मला जाताना हेच दिले, असे वाटले.

माझी मुलगी सांगते, जपानात सरकारच्या वनखात्याने १९८२ साली लोकांना रानात जाऊन शांतपणे हिंडायला सांगितले. त्याला ते वनस्नान म्हणतात. आपल्याला रान लांब आहे, पण वड तर दारातच आहे.

पुढच्या महिन्यात वटपौर्णिमा आहे. माझी एवढीच विनंती की यंदा कोणी तोडलेली फांदी विकत आणू नये. आपण सगळ्या मिळून वडाकडेच जाऊ. दोरा सुती आणि सैल बांधू, नंतर आपणच सोडून आणू. कापूर, निरांजन खोडापासून दूर ठेवू; सालीखालूनच झाडाचे अन्न मुळांपर्यंत जाते, ती भाजली तर झाडाला इजा होते. आणि फेरे झाले की घटकाभर गप्प बसून वर पाहू.

मग घरी जाऊन कोणाला तरी सांगा, आज वडावर काय पाहिले ते. ज्यांच्या घरी ऐकणारे माणूस आहे, त्या भाग्यवान. माझ्याकडे या वर्षीची पहिली बातमी होती, तांबट आल्याची. ती मी आज तुम्हाला सांगितली.