तराजूची दांडी

(वारीच्या वाटेवरील मुक्कामात झालेल्या कीर्तनाच्या ध्वनिमुद्रणावरून)

बसा, बसा. मागे उभे आहेत त्यांना थोडी जागा करून द्या. दिवसभर चालून पाय दुखतायत, ठाऊक आहे मला. म्हणून आज लांबवत नाही. आज एकच गोष्ट धरायची, ती म्हणजे तराजूची दांडी.

तुम्ही म्हणाल, महाराज, कीर्तनात तराजू कुठून आला? अहो, तराजू तर आपल्या घरातलाच आहे. गोरोबाकाका मडकी घडवायचे, नरहरी महाराज सोनं तोलायचे, सावता महाराज मळा राखायचे. आणि तुकोबाराय कोण? देहूच्या बाजारपेठेतले महाजन. दुकान होतं, देणंघेणं होतं, सावकारीची खतं होती. आपल्या संप्रदायाने धंदा सोडा असं कधी सांगितलं नाही. धंदा करताना कोण बघतोय, ते विसरू नका, एवढंच सांगितलं. विठ्ठल विठ्ठल!

महाभारताच्या शांतिपर्वात भीष्माचार्य धर्मराजाला एक कथा सांगतात. जाजली नावाचा तपस्वी होता. तप कसलं? लाकडासारखा निश्चल उभा. पाखरांनी त्याच्या जटांमध्ये घरटं बांधलं, अंडी घातली, पिल्लं झाली, पिल्लांना पंख फुटले, ती उडून गेली. तरी हा हलला नाही. महिनाभर वाट पाहिली, पाखरं परत आली नाहीत, तेव्हा कुठे हलला. आणि हलला तो काय म्हणून? "मी धर्म मिळवला!" म्हणून. तेवढ्यात आकाशवाणी झाली, 'जाजले, काशीतल्या तुलाधाराची बरोबरी तुला अजून आलेली नाही.'

आता हा तुलाधार म्हणजे मोठा ऋषी असेल, नाही का? जाजली शोधत शोधत काशीला गेला. बघतो तर काय, बाजारात दुकान मांडून बसलेला वाणी! गिऱ्हाईक येतंय, माल देतोय, पैसे घेतोय. जाजली तोंड उघडायच्या आत तुलाधारानेच पाखरांची सगळी हकीकत त्याला सांगितली. जाजलीने विचारलं, बाबा रे, हे ज्ञान तुला आलं कुठून? तुलाधाराच्या सांगण्याचा भावार्थ ऐका: मी मद्य विकत नाही. बाकी माल कपट न करता घेतो आणि विकतो. कुणाला इजा होणार नाही, झालीच तर कमीत कमी होईल, अशा रीतीने पोट भरतो. आणि माझा तराजू सगळ्यांसाठी सारखा आहे.

संपलं. एवढंच त्याचं तप. डोक्यावर पाखरं सांभाळणं अवघड खरंच, पण दुकानात गिऱ्हाईक अडाणी आहे, घाईत आहे, गरजू आहे हे दिसत असताना दांडी सरळ ठेवणं त्याहून अवघड आहे. आता याच वाटेवर लाखो वारकरी चालतायत. तहानलेल्या म्हातारीला पाण्याची बाटली छापील किमतीपेक्षा पाच रुपये जास्त लावून विकली, तर कायद्याने तो गुन्हा आहेच. पण माऊली, ती म्हातारी कुणाकडे निघाली आहे? तिच्या पदराच्या गाठीतले ते पाच रुपये कुणाचे आहेत?

(विठ्ठल नामाचा गजर)

आता तुकोबारायांकडे या. गाथा इंद्रायणीत बुडवल्या गेल्या, हे लहान पोरालाही ठाऊक आहे. पण त्याच्या कितीतरी आधी तुकोबांनी स्वतःच्या हाताने काहीतरी बुडवलं होतं. मोठा दुष्काळ पडला होता. घरातली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला, धंदा बसला. अशा वेळी माणूस काय करतो? येणं वसूल करायला निघतो. घरात कर्जखतं होती. परंपरा सांगते, तुकोबांनी ती निम्मी केली. धाकटा भाऊ कान्होबा, त्याचा निम्मा वाटा त्याच्या हातात दिला, कारण दुसऱ्याच्या हक्काचं दान आपण करायचं नसतं. आणि आपला निम्मा वाटा इंद्रायणीत सोडला. का? जी कुळं देणं लागत होती, त्यांच्या चुलीसुद्धा त्याच दुष्काळात विझल्या होत्या.

बघा गंमत. त्याच नदीत खतं गेली, त्याच नदीत गाथा गेली. गाथा तरली. खतं काही कुणाला तरलेली दिसली नाहीत! काय तरतं आणि काय बुडतं, ते इंद्रायणीला बरोबर कळतं.

कुणी म्हणेल, तो काळ गेला, आता कारखान्यांचा जमाना आहे. बरं, कारखान्याचं बोलू. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या ओसाड माळावर वाडी वसवली. जग ज्यांना दारात उभं करत नव्हतं, अशा तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीच्या पहाऱ्याचं काम दिलं. जमशेटजी टाटांच्या नागपूरच्या कापड गिरणीत १८८६ साली कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी सुरू झाला. जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात आठ तासांचा दिवस १९१२ साली आला आणि भविष्य निर्वाह निधी १९२० साली. त्या निधीचा कायदा देशात आला १९५२ साली. म्हणजे कायद्याच्या बत्तीस वर्षं आधी! सक्ती नव्हती, तरी केलं.

आणि उलटंही बघा. १९८४ च्या डिसेंबरातली भोपाळची ती रात्र. विषारी रसायन थंड ठेवणारं यंत्र कित्येक महिने बंद होतं. निसटलेला वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीअभावी बंद होता. झोपेत हजारो माणसं गेली. त्यांनी त्या कारखान्याचा माल घेतला नव्हता की तिथे नोकरी केली नव्हती. ती फक्त शेजारी राहत होती. तुलाधार 'कुणाला इजा नको' म्हणाला, त्यात गिऱ्हाईक आलं, कामगार आला, तसा शेजारीही आला.

आता २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना कायदा सांगतो, मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के समाजकार्याला खर्च करा. चांगली गोष्ट आहे. शाळा होतात, पाण्याच्या टाक्या होतात. पण माझं भाबडं मन विचारतं, दोन टक्के कुठे गेले हे फलकावर लिहिलंय. उरलेले अठ्ठ्याण्णव कसे आले, ते कुठे लिहिलंय?

हे मी दुसऱ्याला सांगायला निघालोय असं समजू नका. यात मीही सापडलोय. काही वर्षांपूर्वी एका गावी सप्ताह होता. काल्याची पंगत एका कारखानदाराने दिली. बुंदी, मसालेभात, हजारो पानं. मी व्यासपीठावरून त्याला दानशूर म्हटलं, शाल घातली, नारळ दिला. रात्री पंगतीत वाढणारा एक जण माझ्याजवळ आला. पाया पडला आणि हळूच म्हणाला, "महाराज, मी त्यांच्याच कारखान्यात आहे. पगारातून दर महिन्याला बारा टक्के कापतात. पोरीच्या लग्नासाठी पैसे काढायला गेलो, तर दोन वर्षं खात्यात काही भरलेलंच नाही. तुम्ही आज ज्यांना शाल घातली…" पुढे त्याला बोलवेना.

मायबाप, त्या रात्री मला झोप लागली नाही. मालकाने आपल्या वाट्याचे बारा टक्के घालायचे आणि कामगाराच्या बारा टक्क्यांसह पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत भरायचे, असा नियम आहे. हे भरले नव्हते. मग आज आम्ही बुंदी खाल्ली ती कुणाची? दान मालकाचं, पुण्य मालकाचं, आणि पैसा त्या वाढप्याचा! कान्होबाचा वाटा वेगळा काढून देणारे तुकोबा कुठे, आणि न विचारता शाल घालणारा मी कुठे.

सकाळी मी त्या मालकाकडे गेलो. पाकीट परत ठेवलं. म्हटलं, "शेठ, आधी त्या पोरांचं भरा, मग पंगत घाला. पंगत नाही घातली तरी पांडुरंग रागावणार नाही." तो म्हणाला, "महाराज, तुम्ही कीर्तन करा, धंद्यातलं तुम्हाला कळत नाही." त्या दिवसापासून त्याने बोलणं सोडलं. तो कामगार निधीच्या कार्यालयात अर्ज घेऊन गेला, सोबत आणखी अकरा जण गेले. थोडी रक्कम जमा झाली, बाकीचं भांडण अजून चालू आहे. पोरीचं लग्न कर्ज काढूनच झालं. पुढच्या वर्षी त्या गावाने घराघरातून ज्वारी गोळा केली आणि काल्याला पिठलं-भाकरी झाली. खरं सांगतो, तशी गोड पंगत मी दुसरी खाल्ली नाही.

म्हणून उद्या चालताना मनाला विचारा. दुकान असेल तर काटा तपासून घेतलाय का? हाताखाली माणूस असेल, मग ती घरी धुणीभांडी करणारी मावशी का असेना, तिचा पगार ठरल्या तारखेला जातो का? आणि माझ्यासारख्या टाळ-वीणेवाल्याने विचारावं, घेतलेलं दान कुणाच्या ताटातून आलं? चंद्रभागेत स्नान कराल तेव्हा अंग ओलं होईलच. घरी गेल्यावर वहीतलं एखादं खोटं पान बुडवता आलं, तर वारी पोचली म्हणायची.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!